मोकळा ठेवलेला स्लॉट

१७ ऑगस्ट. त्या दिवशी मी रॅम घासायला बसले होते.

हे काम दरवर्षी गणपतीच्या आधी असतं. पावसाळ्यात दुकानात साठलेली मशीनं उघडायची, त्यांतल्या रॅमच्या पट्ट्या काढायच्या, टेबलावर सुती पंचा अंथरायचा आणि शाळेतली मुलं वापरतात तसलं पांढरं खोडरबर त्या पट्ट्यांच्या सोनेरी दातांवरून हलक्या हाताने फिरवायचं. रत्नागिरीची हवा खारी आणि ओली. दोन-तीन महिन्यांत त्या दातांवर डोळ्यांना न दिसणारा थर चढतो. मग मशीन चालू केलं तरी पडदा काळाच राहतो आणि आतून नुसते बीप ऐकू येतात. गिऱ्हाईक तोंड पाडून येतं, "मॅडम, कम्प्युटर गेला." गेलेला नसतो. खोडरबर फिरवलं की परत येतो. या एका कामावर मी बरेच आशीर्वाद मिळवले आहेत.

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. कम्प्युटर जोडून देणं आणि दुरुस्त करणं. आधी मी एका क्लासात शिकवत होते. तिथलं मशीन बंद पडलं की कोल्हापूरहून माणूस येईपर्यंत आठवडा जायचा, म्हणून मीच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. तो अजून खाली ठेवलेला नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "दुकानातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत. पण या वर्षी लिहायला बसले की एकच मशीन डोळ्यांपुढे येतं, तेव्हा गमती थोडक्यात उरकते.

आंजर्ल्याचे एक आंबा बागायतदार आहेत. त्यांच्या कम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये पाल शिरली. पाल गेली आणि तिच्याबरोबर पॉवर सप्लायही गेला. नवा बसवताना ते म्हणाले, "बाय, ह्याला चारी बाजूंनी बारीक जाळी मारून दे. पालीचं नाव नको."

मी मारून दिली. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा दारात. आत मुंग्यांनी घर केलं होतं, अंड्यांसकट.

"मुंगीला काय गो मिळतं कम्प्युटरात? साखर आहे काय?"

"ऊब मिळते, काका. पावसात तुम्हाला जे हवं असतं तेच."

दुसरे देवरूखकडचे एक निवृत्त गुरुजी. त्यांचं मशीन तापून आपोआप बंद पडायचं. फोनवर काही उमगेना, म्हणून घरी गेले. बघते तर चालू कॅबिनेटवर क्रोशाचं विणलेलं झाकण.

"गुरुजी, चालू मशीनला टोपडं घालता?"

"धूळ जाते हो आत."

"धूळ जाऊ दे. त्याचा श्वास कोंडतोय."

पुढच्या खेपेला गेले तेव्हा झाकण होतंच, पण मागे पंख्यापुरतं गोल भोक ठेवून नव्याने विणलेलं. भोकाच्या कडेने गुरुजींच्या मंडळींनी झालरही लावली होती. मशीन मात्र त्यानंतर बंद पडलं नाही.

या दोन्ही घरांत मी एकच गोष्ट सांगून आले. कम्प्युटर कुठलाही असो, त्याचं निम्मं आयुष्य गरम हवा बाहेर कुठून जाते यावर असतं. उरलेलं निम्मं नशिबावर.

अलीकडे माझ्याकडे अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलं येतात. घरून साध्या लॅपटॉपला पुरतील एवढे पैसे मिळालेले असतात आणि काम असतं लॅपटॉपला न झेपणारं. बहुतेकांना आधी काचेचा, रंगीत दिव्यांचा कॅबिनेट हवा असतो. मी म्हणते, "दिवे परीक्षेत लावशीलच, कॅबिनेटात कशाला?" मग हसतात आणि दिवे रद्द करतात.

या मुलांचं काम काय असतं ते सांगते. पडद्यावर ती एक आकृती घडवतात, तिला चालवतात, बसवतात. हे सगळं कच्चं असतं, मातीच्या बाहुलीसारखं. मग मशीनने प्रत्येक चित्र रंगवून काढायचं: उजेड कुठून पडतो, सावली कुठे जाते, पाण्यातून दगड कसा दिसतो. एका सेकंदाच्या फिल्मला अशी चोवीस चित्रं लागतात, आणि एकेका चित्राला कधी मिनिटं लागतात, कधी तास. याला रेंडर म्हणतात. हे काम प्रोसेसर करू शकतो किंवा ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर म्हणजे दोन-चार हुशार माणसं. कार्ड म्हणजे लावणीला उतरलेली अख्खी वाडी. तिथे फार हुशारी लागत नाही, ज्याने त्याने आपल्यापुढची ओळ लावायची. दुपारपर्यंत शेत हिरवं होतं. फक्त एवढी माणसं उभी राहतील इतकं शेत मोठं हवं. कार्डाची स्वतःची मेमरी कमी पडली तर मोठं दृश्य तिच्यात मावत नाही आणि काम मध्येच थांबतं. म्हणून कार्ड घेताना नावाच्या आधी मेमरी बघावी.

पण कार्ड म्हणजे सगळ्यांत महाग भाग. विद्यार्थ्याच्या बजेटात कार्ड आणि बाकीचं मशीन, दोन्ही चांगलं बसत नाही. माझा सल्ला ठरलेला आहे. आधी बाकीचं नीट घ्या. पॉवर सप्लाय आजच्या गरजेपेक्षा मोठा घ्या, कारण उद्या कार्ड आलं की तेच जास्त वीज ओढणार. प्रोसेसर असा घ्या की कार्ड नसतानाही पडद्यावर चित्र दिसेल. मॉनिटर जुना चालेल. आणि बोर्डावर कार्ड बसवायची जी खाच असते, तो स्लॉट मोकळा ठेवा. कार्ड नंतर बसवू. असे मोकळे स्लॉट ठेवून मी अनेक मुलांना मार्गाला लावलं. कुणाला शिष्यवृत्ती मिळाली, कुणी लग्नाच्या फोटोंची कामं केली, आणि कार्ड येत गेलं.

नाझियालाही हाच सल्ला दिला. सल्ला चुकीचा नव्हता. आजही तोच देते.

नाझिया राजिवड्याची. अ‍ॅनिमेशनच्या डिप्लोमाला होती. गेल्या वर्षी आईला घेऊन दुकानात आली. तिच्या यादीत दिवे नव्हते, हे मी पहिलं पाहिलं.

"फिल्म कशावर करणारेस?"

"माझ्या दादीवर. भाट्याच्या खाडीत ती कालवं काढायची. ओहोटीला दगडांवर बसून कोयत्याने कालवाचा एकेक शिंपला फोडायची, आणि भरती आली की उठायची. तेवढंच आहे."

"म्हणजे पाणी आहे."

"खाडी आहे मॅडम. पाणी नसेल कसं?"

"मग महाग आहे तुझी खाडी," मी म्हटलं. रेंडरला सगळ्यांत जड काय असेल तर पाणी. त्यात उजेड शिरतो, वाकडा होतो, परत वर येतो, आणि मशीनला त्याच्या मागे मागे फिरावं लागतं.

तिने बापाला व्हिडिओ कॉल लावला. इकबालभाई मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होते. फोनच्या चौकटीत त्यांचा चेहरा, मागे दोन खाटांची रूम आणि कुणीतरी बांगडे तळत असलेला.

"सलाम, ताय. मी एसीवाला. कम्प्युटरातलं मला काय कळत नाय. एकच सांगा, गरम हवा जाते कुठनं?"

इतक्या वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाने हा प्रश्न आपणहून विचारला नव्हता. मी रिकामा कॅबिनेट फोनपुढे धरला. "पुढून थंड आत, मागून गरम बाहेर."

"मग मागं भिंत नको."

"वीतभर तरी जागा हवी."

"ऐकलंस काय नाझिया? मशीन भिंतीला चिकटवायचं नाय. तुझी अम्मी सगळं सामान भिंतीला चिकटवते."

स्टुलावर बसलेल्या शमीमभाभी फोनकडे न बघताच म्हणाल्या, "आधी घरी या. मग भिंती बघा."

मागचा बांगडेवाला हसला. इकबालभाईही हसले, पण लगेच पॉवर सप्लायवर आले. एवढा मोठा कशाला? मी विचारलं, "एसीला बारीक वायर घालता काय? आज चालतोय म्हणून?" त्यावर ते म्हणाले, "बरोबर आहे. मोठाच घाला. कार्ड मी आणतो. इकडं स्वस्त पडतं. सुट्टीवर येताना हातानं आणतो."

मी बजावलं की तिकडच्या वस्तूची गॅरंटी इकडे चालत नाही, आणि कार्ड लांब असतं, ते या कॅबिनेटात मावलं पाहिजे. आतली लांबी मोजून सांगितली. थोड्या दिवसांनी माझ्या फोनवर एक फोटो आला. मस्कतच्या कुठल्याशा दुकानातला काउंटर, त्यावर कार्ड, कार्डावर धातूची मेजरिंग टेप आणि टेपवर काळपट नखाचा एक अंगठा. खाली लिहिलं होतं, "मावेल?"

मी लिहिलं, "मावेल."

ते डिसेंबरात येणार होते. बदली माणूस आला नाही, सुट्टी पुढे गेली. मग ईदला येणार होते. मग तिकडचा उन्हाळा लागला, आणि उन्हाळ्यात एसीवाल्याला सुट्टी कोण देणार? नाझियाचं मशीन चालू होतं. कोरडी कामं ती प्रोसेसरवर करून घेत होती: दगड, दादीचे हात, पाटी, कोयता. मधून मधून दुकानात काहीतरी विचारायला यायची. मी विचारायचे, "अब्बा कधी येतायत?"

"कार्टन भरून झालंय म्हणाले."

गल्फमधल्या माणसाचं कार्टन म्हणजे काय हे आमच्या किनाऱ्यावर सांगावं लागत नाही. राजिवड्यात विचारा नाहीतर बुरोंडीला. माणूस सुट्टीच्या कितीतरी आधी खोका आणून ठेवतो. खाली दुधाची पावडर आणि साबण, वर कपडे, आणि मधोमध जाड ब्लँकेट. फुटणारं, मोलाचं जे काही असेल ते सगळं त्या ब्लँकेटात. वरून नायलॉनची दोरी उभी-आडवी, गाठीवर गाठ, आणि चारी बाजूंना मार्करने मोठ्या अक्षरात नाव. माणूस यायच्या आधी त्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं, ब्लँकेटात कुणासाठी काय आहे.

जूनमध्ये इकबालभाई गेले. सकाळी रूमवरचे सोबती कामावर जायला उठवायला गेले, ते उठले नाहीत. मयत इकडे आणायला किती दिवस लागतील सांगता येईना, म्हणून घरच्यांनी काळजावर दगड ठेवून तिकडेच माती द्यायला सांगितलं. काही दिवसांनी त्यांच्या रूमवरचा गुहागरचा एक माणूस सुट्टीवर आला. येताना कार्टन घेऊन आला. म्हणजे त्या घरी इकबालभाईंचं जे काही परत आलं, ते एवढंच.

मी तेव्हा एकदा जाऊन आले होते. अशा वेळी काय बोलतात ते मला येत नाही. बसले, पाणी प्यायले, उठले.

तर १७ ऑगस्टला मी रॅम घासत होते, आणि नाझिया दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. छत्रीचं पाणी पायरीवर गळत होतं.

"मावशी, अम्मीने बोलावलंय." तोवर ती मला मॅडम म्हणायची.

"काय झालं?"

"फिल्म द्यायची तारीख आली. पाण्याचे सगळे सीन राहिलेत. कार्ड कार्टनमध्येच आहे. अम्मी कार्टन सोडू देत नाही."

"त्यात मी काय करू?"

"ती म्हणते, त्या ताईला विचार, लागतंच काय ते. ती खोटं सांगायची नाही."

शमीमभाभी इद्दतमध्ये होत्या. नवरा गेल्यावर त्यांच्यात बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. त्यामुळे त्या दुकानात येणं शक्य नव्हतं. माझ्या धंद्यातला दुसरा कुणी असता तर त्याने उंबऱ्याबाहेरून काय सांगितलं असतं कोण जाणे. रत्नागिरीत कॅबिनेट उघडणारी बाई मी एकटीच असेन. पट्ट्या डब्यात भरल्या, शटर ओढलं आणि स्कूटरवर तिला मागे घेऊन निघाले.

मशीन पुढच्या खोलीत होतं, भिंतीपासून वीतभर पुढे. शेजारी खाटेवर कार्टन. भाभी खाटेच्या कडेला बसल्या होत्या, डोक्यावर पांढरा दुपट्टा. मला बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, "ताय, खरं सांग. त्याच्याबिगर व्हायचं नाय काय?"

"आधी बघू दे."

मी खुर्चीवर बसून फिल्म पाहिली, जेवढी झाली होती तेवढी. म्हातारी दगडावर उकिडवी बसलेली, कालव शोधताना बोटं आधी दगड चाचपतात, मग कोयता येतो. नाझियाचा हात चांगला आहे. पुढे भरती येते, तिथे सगळं करडं, कच्चं. मी पाण्याचं एक चित्र रेंडरला लावलं. भाभींनी चहा ठेवला, आम्ही चहा प्यायलो, कपबश्या विसळून झाल्या, तरी ते एक चित्र पुरं झालं नव्हतं. अशी शेकड्याने हवी होती.

"भाभी, पाणी काढून टाकलं तर वेळेत होईल. पाणी हवं असेल तर कार्ड लागेल."

"पाणी काढलं तर कशी दिसेल?"

"सासूबाई नुसत्या दगडांवर बसलेल्या दिसतील."

भाभी पडद्याजवळ सरकल्या. "माझी सासू पाणी पायाला लागल्याबिगर उठायची नाय," त्या म्हणाल्या. "आम्ही वरनं हाका मारायचो. ऐकायची नाय."

मग कार्टनच्या दोरीवर हात ठेवला. "ही गाठ त्यांच्या हातची. मी सोडली तर परत कोण बांधणार?"

पावसाने पुठ्ठा मऊ पडला होता, ते मला दिसत होतं. म्हटलं, "गाठ सोडायला नको. कडा दाबल्या की दोरी सैल होईल. तशीच सरकवून काढू."

नाझियाने एक बाजू दाबून धरली, मी दुसरी. दोरी कोपऱ्यांवरून एकेक करून सरकवली. गाठींसकट अख्खी निघाली. भाभींनी ती उशीवर ठेवली. ती तशीच चौकोनी राहिली, आत काही नसताना.

झाकण उघडल्याबरोबर खोलीभर अत्तराचा वास सुटला. उदाचा, दाट. भाभींनी डोळे मिटले. ब्लँकेट उलगडलं. त्यात बनियनमध्ये गुंडाळलेलं कार्ड होतं, खोक्याबाहेर काढून, जागा वाचावी म्हणून. आणि त्याला लागून अत्तराची कुपी. कुपीचं बूच सैल होऊन ती रिती झाली होती. तिकडून येणारा प्रत्येक माणूस मोलाच्या वस्तू एका ब्लँकेटात गुंडाळतो. बायकोचं अत्तर आणि मुलीचं कार्ड, दोन्ही मोलाचं. हवेची वाट विचारणारा माणूसही तिथे दुसरा विचार करू शकला नाही.

बनियन चिंब होऊन वाळलं होतं. कार्ड तेलकट.

"चालेल?" नाझियाने विचारलं.

"धुतल्याशिवाय नाही. हे तेल आहे. याला धूळ चिकटेल, आपली खारी हवा चिकटेल. दात स्लॉटला नीट टेकणार नाहीत. पंखे जाम होतील."

"कशानं धुवायचं?" भाभींनी विचारलं.

"स्पिरिटने."

"म्हणजे वास जाणार."

"जाणार."

"अम्मी, बनियन आहे की. ते नाही धुणार आपण," नाझिया म्हणाली.

"बनियन त्यांचं हाये," भाभी म्हणाल्या. "हे कार्ड ते तुझ्यासाठी घेऊन येत होते."

बाहेर पाऊस नव्या जोराने आला. नाझियाने कार्ड उचललं आणि माझ्या हातात दिलं. "न्या, मावशी." आवाज स्थिर होता. भाभी बनियन घेऊन आत गेल्या. मी निघाले तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत.

संध्याकाळी दुकानात मी ते कार्ड साफ केलं. पंखे उतरवले, मऊ ब्रशने स्पिरिट लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. दातांवरून तेच खोडरबर फिरवलं. पंख्यांच्या मागे धातूच्या पातळ पात्यांचा गठ्ठा असतो, गरमी बाहेर टाकणारा. तो पूर्ण उघडायचा तर आतले मऊ पॅड फाटतात, आणि त्या जाडीचे पॅड रत्नागिरीत मिळत नाहीत. मागवायला वेळ नव्हता. पात्यांच्या फटीत ब्रश जाईल तेवढा घातला आणि बाकी सोडून दिलं. आत खोल थोडं राहिलं असणार. चालण्याला त्याने बाध येत नव्हता.

घरी गेले तर यजमानांनी विचारलं, "आज कुणाच्या लग्नाला जाऊन आलीस?" हात दोनदा धुऊनही वास गेला नव्हता. मी ताटं घेतली.

दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन गेले. स्लॉटवर धूळ बसू नये म्हणून मी वर्षापूर्वी कागदी टेप लावली होती, ती काढली. कार्ड आत सरकवलं आणि खटका बसला. कार्डाचं टोक आणि पुढची पट्टी यांच्यात बोटभर जागा उरली होती. मापात तसूभर चूक नव्हती. पॉवर सप्लायची जाड वायर लावली, मशीन चालू केलं. कालचंच पाण्याचं चित्र नाझियाने पुन्हा लावलं. स्वयंपाकघरात चहाचं आधण यायच्या आधी ते पडद्यावर होतं. हिरवट, गढूळ, खाडीचं पाणी. दादीच्या टाचेखालचा दगड त्यातून वाकडा दिसत होता.

नाझियाने सगळी भरती एकदम रेंडरला लावली.

ही कार्डं तापेपर्यंत पंखे फिरत नाहीत. थोड्या वेळाने ते सुरू झाले. मी पिशवीत अवजारं भरत होते. आधी वाटलं, माझ्याच हातांचा वास आहे. मग नाझियाने मान वर केली. पात्यांच्या आत राहिलेलं ते थोडंसं तापत होतं आणि गरम हवेबरोबर मागून बाहेर येत होतं.

भाभी आतून आल्या. हातात गाळणं तसंच. खोलीत कुठून येतंय ते त्यांनी शोधलं, आणि मग मशीनमागे जी वीतभर जागा होती तिच्या कडेशी, भिंतीला टेकून, खाली बसल्या. गरम हवा सरळ त्यांच्या तोंडावर येत होती. थोडा वेळ तशा बसल्या. मग उठल्या आणि खिडकी लावून घेतली. दारही लोटलं.

"हवा बाहेर जाते," एवढंच म्हणाल्या आणि परत जागेवर बसल्या.

मी आयुष्यभर लोकांना सांगत आले आहे की मशीन चालू असताना खोली मोकळी ठेवा. क्रोशाच्या झाकणावरून मी एका गुरुजींना बोलले आहे. पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचं तापमान दिसत होतं आणि ते चढत होतं. नाझियाने माझ्याकडे पाहिलं. तिला मीच शिकवलं होतं ते.

"सांगू काय अम्मीला?" तिने हळू आवाजात विचारलं.

"नको."

तिला एक आकडा सांगितला. याच्या वर गेलं तर काम थांबव, थंड होऊ दे, मग पुन्हा लाव. आणि निघाले. जितकं रेंडर होत जाणार होतं, तितका तो वास संपत जाणार होता. दोन दिवस, फार तर चार. हे मी त्या घरात बोलले नाही. भाभी मशीनमागून उठत नव्हत्या, त्या अर्थी त्यांना कळलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून कपाटातले कॅबिनेटाचे दोन छोटे पंखे काढले, पिशवीत टाकले आणि आधी राजिवड्याला गेले. खिडकी बंदच होती. भाभी मशीनमागे भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. पडद्यावर पाणी दादीच्या घोट्यापर्यंत आलं होतं. तापमान मी सांगितलेल्या आकड्याला टेकलं होतं, आणि नाझिया रात्रीत तीनदा काम थांबवून बसली होती. आवाज न करता कॅबिनेट उघडला. एक पंखा पुढच्या जाळीमागे बसवला, एक वरच्या बाजूला. बंद खोलीत पंख्याने होतं तेवढंच होतं, पण आकडा खाली यायला लागला. तो थांबेपर्यंत उभी राहिले, खिडकीला हात न लावता बाहेर पडले, आणि दुकानात येऊन उरलेल्या रॅम घासायला घेतल्या.